रिकाम्या खोलीची रेघ

"आधी तो डोळा काढ," कस्तुराबाई म्हणाल्या, "मग माझ्याशी बोल."

रोशनने ड्रिल खाली ठेवला. आईच्या पलंगासमोरच्या भिंतीवर त्याने नुकताच कॅमेरा बसवला होता. लिंबाएवढाच होता, पण कस्तुराबाईंनी पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला होता आणि त्या आतूनच बोलत होत्या.

"आई, डॉक्टर काय म्हणाले? हृदय थकलंय, झोपेत श्वास अडकतो. अप्पा होसकोट्याला कामावर गेले की घरात कोण असतं?"

"शेजारची रंजिता आहे की. तिच्याकडे किल्ली असते."

"तिला भिंतीतून दिसतं का?"

"आणि तुला तिकडे व्हाइटफील्डातल्या तुझ्या घरातून दिसायला पाहिजे होय? लुगडं सुटलेलं, लघवीचं भांडं घेतलेलं, सगळं? नऊ महिने माझ्या पोटात होतास, म्हणून मी आता तुझ्या मोबाइलात राहू?"

रोशन उठला. "सरी, ठीक आहे. कॅमेरा नको तर केअर होम. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो. तोवर ठरव."

दारात रोशनचे वडील, खंडोजी, बसले होते. ते म्हणाले, "रविवारीच ये. पण गाडीचं नंतर बघू."

खंडोजी एकसष्टचे. होसकोट्याच्या एका गोदामात वाय-फाय चालू ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं. सुरुवात वायरी ओढण्यापासून झाली. पुढचं सगळं शिडीवर उभं राहून शिकलेलं. पदवी नाही, इंग्रजी कामापुरतं. पण रोज पहाटे कॉफीबरोबर तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचायच्या, हा नेम कधी चुकला नाही. नवं सॉफ्टवेअर, नवे नियम, कुठे काय निघालं. अर्धं कळायचं, उरलेलं दुसऱ्या दिवशी परत वाचायचे. कस्तुराबाई रंजिताला सांगायच्या, "या वयात माणसं पेपरात गेलेल्यांचे फोटो बघतात. आमच्याकडे बघ, आज कुठल्या सॉफ्टवेअरला बाळ झालं ते वाचतात."

अशाच एका बातमीपाशी खंडोजी त्या आठवड्यात अडकले. तीन पहाटा तीच वाचली. वाय-फायच्या लहरींवरून खोलीत माणूस आहे की नाही हे ओळखता येतं, तो निजलेला असला तर त्याचा श्वाससुद्धा. चित्र नाही, आवाज नाही. छाती दाण्याएवढी वर होते, तेवढ्यानं लहर हलते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा काढून ठेवला. उभा जन्म त्यांनी लोकांना एकच गोष्ट सांगितली होती: मध्ये उभे राहू नका, बाजूला व्हा. माणूस म्हणजे पाण्याची पिशवी, लहर पिऊन टाकतो. सिग्नल कमी पडला की पहिला गुन्हेगार माणूस. आणि आता कुणीतरी म्हणत होतं, तो मध्ये असल्यानं जे बिघडतं ना, तेच वाचा. आपण जे झाडून टाकत होतो त्यात माणूस होता!

गुरुवारी त्यांनी चिकपेट बाजाराच्या पलीकडच्या गल्लीतून दोन सर्किटं आणली, बिस्किटाहून लहान. एक बोलणारं, एक ऐकणारं. पलंगाच्या दोन बाजूंना चिकटवली, मध्ये कस्तुराबाई.

"मला शॉक बसेल का?"

"चाळीस वर्षं माझ्याबरोबर काढलीस, अजून काय बसायचं?"

रविवारी रोशन आला तेव्हा कॅमेऱ्यावर खंडोजींचा बनियन लटकत होता. रोशनने तो पाहिला. मग खंडोजींच्या लॅपटॉपमध्ये डोकावून म्हणाला, "अप्पा, हे डॉक्टरांचं मशीन नव्हे."

"कॅमेरा तरी कुठे डॉक्टर आहे? इथे तिच्या श्वासाची रेघ दिसेल. ती हलायची थांबली की माझा फोन वाजेल, तुझा वाजेल, रंजिताचा वाजेल. ती किल्ली घेऊन धावेल. कॅमेऱ्यानं तरी याहून काय केलं असतं?"

पंखा बंद केला. पडदा चिमट्यांनी बांधला. मग सॉफ्टवेअरने अट घातली: खोली पाच मिनिटं रिकामी ठेवा. रिकामं कसं असतं ते आधी शिकल्याशिवाय भरलेलं ओळखता येत नाही.

बापलेकांनी कस्तुराबाईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून बाहेरच्या व्हरांड्यात नेलं. चार महिन्यांनी त्या उंबरठ्याबाहेर येत होत्या. "अगंबाई, समोरचं घर पाडलं? मला कुणी सांगितलं कसं नाही?" मग त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. खंडोजी लॅपटॉप घेऊन दाराबाहेर जमिनीवर बसले.

पाच मिनिटं झाली. रेघ सरळ. आत पलंग होता, चादरीवर पडलेला खळगा होता, औषधांच्या बाटल्या होत्या. रेघेला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. सॉफ्टवेअरने विचारलं, जतन करू?

खंडोजींचं बोट थांबलं.

"अप्पा, दाबा ना," रोशन हळूच म्हणाला. तिच्याशिवायच्या खोलीची ती सरळ रेघ त्यालाही दिसत होती.

"झालं का हो?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"स्वल्प थांब, जरासंच," खंडोजी म्हणाले, आणि त्यांनी बटण दाबलं.

कस्तुराबाई पलंगावर परतल्या, तशी रेघ उधळली. त्या स्थिर झाल्या तशी तीही निवळली, आणि हळूहळू वरखाली होऊ लागली. रोशन वाकून बघत राहिला. आईच्या छातीकडे, मग रेघेकडे, परत आईकडे. मग त्याने स्टूल ओढलं, बनियन बापाच्या खांद्यावर टाकला आणि कॅमेऱ्याचे स्क्रू काढले.

"केअर होमवाल्यांना फोन करून नको म्हणून सांगतो," तो म्हणाला. "कॉफी टाकू?"

"साखर बेतानं," कस्तुराबाई म्हणाल्या. तो स्वयंपाकघरात गेल्यावर त्यांनी मान वळवली. "बघू तरी."

खंडोजींनी लॅपटॉप उशीपाशी धरला. कस्तुराबाईंनी डोळे बारीक केले.

"माझे विस्कटलेले केस दिसत नाहीत ना यात?"

"काहीच दिसत नाही."

"मग ही मी?"

खंडोजींनी नीट पाहिलं. रेघ जरा वेडीवाकडी येत होती. एक लाट, तिच्या पाठीवर दुसरी. "तू आणि मी," ते म्हणाले. "मी इथे बसलोय ना. दोघांतलं कुठलं कुणाचं ते याला कळत नाही."

"मग माझं कुठलं?"

खंडोजींनी लॅपटॉप उशीला टेकवला. मग त्यांनी श्वास रोखला आणि दगडासारखे बसले.

दुसरी लाट विरली. एकच उरली, बारीक, मध्येच रेंगाळणारी, पण परत वर येणारी. कस्तुराबाई स्वतःला बघत होत्या.

"बरी चाललीय की," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याच्या लाल होत चाललेल्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "सोडा आता. कळलं मला."

खंडोजींनी श्वास अजून थोडा वेळ धरून ठेवला.