नाना घर बघायला आले
आमचा एजंट शेखर माणूस वाईट नव्हता, पण घरात पाऊल टाकल्यापासून त्याचं तोंड सुरू झालं ते थांबेचना.

"ताई, महिनाभरात विकायचंय ना? मग हे आजारी माणसाचं घर दिसता कामा नये. गिऱ्हाईक दारातच भाव पाडतं."

आजारी म्हणजे माझे वडील, नाना, आणि ते शेजारच्या खोलीतच बसले होते. असा राग आला मला! पण गरज माझी होती.

माझी नागपूरला बदली झाली होती. नानांना विसरायचा आजार, त्यांना एकटं ठेवणं शक्यच नव्हतं, आणि तिकडे घर घ्यायचं तर इथलं विकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. सातपूरच्या कारखान्यात जन्मभर राबून नानांनी सिडकोत दोन खोल्या घेतल्या आणि हळूहळू वर मजला चढवला. आजार बळावण्याआधीच त्यांनी घर माझ्या नावावर करून दिलं होतं. माझं एकच म्हणणं होतं, घर विकतोय हे त्यांना कळू नये. निघायच्या दिवसापर्यंत त्यांनी आपल्या घरात निवांत राहावं.

मग तयारी सुरू झाली. संडासातले धरायचे दांडे काढले, भिंतीतली भोकं बुजवली. नानांची कॉट, औषधांचं कपाट, आईचा हार घातलेला फोटो, सगळं शेजारच्या यशोदाबाईंकडे गेलं. रंगाचा वास सोसणार नाही म्हणून नानाही दोन दिवस तिकडेच. नानांनी हौसेने दिलेले भडक रंग शेखरने एकजात पांढरे करून टाकले. भाव ठरला. बासष्ट लाख मागायचे आणि अठ्ठावन्नला सोडायचं.

रविवारी उज्वला नावाची एक मुलगी नवऱ्याला घेऊन आली. घर आवडलं, पण दोघं छप्पन्नच्या वर सरकेनात. तेवढ्यात दारात नाना! यशोदाबाईंची नजर चुकवून आले होते. मी लगबगीने पुढे झाले. पण नानांनी चपला बाहेर काढल्या आणि परक्याच्या दारात उभं राहावं तसे अंग चोरून उभे राहिले.

"दार उघडं दिसलं. घर दाखवताय का?"

शेखर महाबिलंदर. "या ना काका, या. बघा निवांत."

नानांनी भिंतीवर बोटं वाजवली, नळ सोडून पाहिला. "मजबूत आहे. बांधणाऱ्याने जीव ओतलाय. किती म्हणतात?"

"बासष्ट लाख."

"देण्यासारखं आहे," नाना म्हणाले.

उज्वलाने नवऱ्याला कोपराने ढोसलं. दोघं बाजूला जाऊन कुजबुजली आणि साठला तयार झाली. टोकन तिथेच माझ्या खात्यावर जमा केलं. ती गेल्यावर शेखर म्हणाला, "ताई, काकांनी काम केलं बघा!" एक ठेवून द्यावीशी वाटली त्याला. मनावरचं ओझं उतरलं होतं आणि रडूही येत होतं.

तोही गेल्यावर नाना हळूच माझ्याजवळ आले. "घर छान आहे गं. पण आपल्याला काय करायचंय? आपलं आहे की. चल, तुझी आई वाट बघत असेल."

"नाना, हेच आपलं घर."

त्यांनी भिंतींकडे पाहिलं आणि लहान मुलीची समजूत काढावी तसे हसले. "काहीतरीच तुझं!"

काय करणार? त्यांच्या पायात चपला घातल्या, हात धरला आणि कॉलनीला एक चक्कर मारून आणली. रोजच्या वाटेने आलो तर ओळखतील, असं वाटलं. वाटेत इस्त्रीवाल्याला त्यांनी नावाने हाक मारली, त्याच्या पोरांची चौकशी केली. म्हटलं, जमलं.

फाटकाशी आलो आणि नानांनी हात सोडवून घेतला.

"इथे कशाला परत? हे विकलं ना? मघाशी त्या पोरीने घेतलं."

जे कळू नये म्हणून मी जिवाचं रान केलं, नेमकं तेवढंच त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

"हो नाना. घेतलं तिने."

"मग उगाच त्रास नको त्यांना," असं म्हणून ते वळले आणि आपलं घर शोधत पुढे चालू लागले. मीही त्यांच्यामागे निघाले.