तारेतला एस

मित्रांनो, मी एक जुने तारयंत्र आहे. अंग पितळेचे, बैठक शिसवी लाकडाची. एकोणीसशे एकवीस साली मला मुंबईहून बोटीने आणले आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहानशा बंदरगावी तारघरात बसवले. लांबून तारेतून वीज आली की मी कट्ट-कडकट्ट वाजायचो. माझे ठोके ऐकून तारमास्तर इंग्रजी अक्षरे कागदावर उतरवून घ्यायचे. कामाला मी चोख होतो. तपासणीला आलेल्या साहेबाने एकदा मला थोपटून शाबासकीही दिली होती.

पण आसपासची माणसे मला भ्यायची. वाड्यांमधले तरणे पुरुष पोटासाठी मुंबईला, आणि तिकडून तार यायची ती बहुधा वाईटच. तारेचा शिपाई पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढताना दिसला की बायका हातातले काम टाकून दारात यायच्या. पाकीट फोडण्याआधीच कुणीतरी रडू लागे.

एकतीस सालचा शिमगा नुकताच झाला होता. बोटीतून उतरलेल्या उतारूंनी बातमी आणली, की मुंबईच्या गोदीत एका जहाजाला आग लागली आणि माणसे होरपळली. त्याच गोदीत एका वाडीतले दोन मुलगे कामाला होते. दोघांचेही नाव विठू. एक येसूबाईचा, दुसरा तिच्या शेजारणीचा, जनीचा. वाडीचे गावकर, म्हणजे प्रमुख, भागोजी दोघींना घेऊन तारघरात आले. सकाळच्या पाळीच्या मास्तरांकरवी त्यांनी गोदीच्या मुकादमाला तार केली आणि तिघे उत्तराची वाट पाहत पडवीत बसले. जनीने येसूबाईचा हात घट्ट धरला होता.

दुपारी मी वाजलो. नुकतेच पाळीवर आलेले नवे तारमास्तर नरहरी कान देऊन लिहीत होते. व्ही, आय, टी, एच, यू, एस. मग ‘सेफ’. तार संपली. ‘विठूस’ असे कुठे नाव असते का, असे म्हणून त्यांनी तो एस खोडला आणि बाहेर जाऊन सांगितले, “विठू सुखरूप आहे.”

भागोजींनी जोडलेले हात कपाळाला लावले. येसूबाई उठलीच नाही. तिने हळूच विचारले, “कंचा इठू, मास्तर?”

“म्हणजे?”

“दोन इठू हायत,” भागोजी म्हणाले. “ह्या दोगींचं दोन.”

नरहरींचा चेहरा उतरला. ते धावत आत आले आणि खोडलेल्या अक्षराकडे पाहत राहिले. मग बाहेर जाऊन चाचरत बोलले, “नावापुढं एस आला होता. मी चूक समजून खोडला. इंग्रजीत नावाला नुसता एस लागला तर अनेक विठू. म्हणजे दोघेही.”

“मग दोगंबी हायत ना?” जनीने विचारले.

“पण एस खरंच चुकून आला असेल, तर एकच विठू. आणि अक्षराच्या डोक्यावर स्वल्पविराम देऊन एस लावला, तर विठूचा. तारेत तो स्वल्पविराम कुणी धाडत नाही. पुढचा एखादा शब्द गळला असेल, तर विठूचा जोडीदार सुखरूप, असंही होईल.”

“आनि इठू सोता?” येसूबाईने विचारले.

नरहरी तडक माझ्याकडे वळले. त्यांनी मुंबईला विचारणा धाडली, पण उत्तर येईना. घाटात कुठेतरी तारेवर झाड पडले होते.

मित्रांनो, ती दुपार मी विसरलेलो नाही. जनीचा हात कधी सुटला ते कळलेही नाही. दोघी एकमेकींपासून सरकून बसल्या. एकीने खांबाला कपाळ टेकले, दुसरी ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत राहिली. कोणी कोणाकडे पाहीना. विठू एकच वाचला असेल तर तो कोणाचा, हे बोलायची हिंमत कोणालाच नव्हती. वाऱ्याने तार हलली तरी मी किंचित थरथरायचो आणि तिघेही दचकून आत पाहायचे. मलाही भीती वाटत होती. माझ्या पुढच्या ठोक्याने कुणाचे घर बसेल, हे मला कुठे ठाऊक होते!

उन्हे कलल्यावर तार दुरुस्त झाली आणि मी वाजलो. नरहरींनी पेन्सिल उचलली. ते एकेक अक्षर मोठ्याने म्हणत गेले. बी, ओ, टी, एच.

“दोघेही!” ते ओरडले. “दोघेही विठू सुखरूप!”

येसूबाई जनीकडे वळली, पण तिला पुढे होववेना. “जने,” ती म्हणाली, “मी देवाकडं माजाच मागितला गो.”

“मी पन,” जनी म्हणाली. मग दोघी गळ्यात पडून अशा रडल्या की नरहरींनी तोंड फिरवले.

त्या दिवसापासून नरहरी आलेले प्रत्येक अक्षर जसेच्या तसे लिहू लागले. पुढे ते बदलून गेले. माझ्या जागी नवे यंत्र आले आणि मी अडगळीत पडलो. आता माझ्या पितळेवर हिरवट डाग चढले आहेत.

मुलांनो, इंग्रजी लिहाल तेव्हा नावाची अक्षरे नीट लावा. शेवटचा एस एकाचा की अनेकांचा, हे वाचणाऱ्याला कळू द्या. दुसऱ्याने लिहिलेले चुकीचे वाटले तर खोडण्याआधी त्याला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. नाव कुणाच्या तरी माणसाचे असते.