चादर पिळायची जागा

व्हर्सायच्या राजवाड्यात महाराज जेवायला बसले की चोवीस व्हायोलिनं वाजत. चाल वरच्या सहा जणांची, खर्जाचा मान खालच्या सहांचा. मधल्या बारा जणांनी पोकळी भरायची. आन्सेल्म गेरिनो एकतीस वर्षं पोकळी भरत होता आणि त्याबद्दल त्याला कुणी कधी शाबासकी दिली नव्हती, शिवीही नाही.

घरी खिडकी लावून रियाज व्हायचा तोही याच मधल्या ओळीचा. त्यामुळे त्याची बायको पेरीन हिला गाणं म्हणून तेवढंच ठाऊक. अंगणात चादरी धुताना ती तेच गुणगुणायची. एका ठिकाणी चादर पिळायला मात्राभर थांबायची, मग लगबगीने पुढचे सूर गाठायची. एकदा त्याने तिला बागेत खिडकीखाली उभं करून सगळा मेळ ऐकवला. परतताना ती फणकारली, "अहो, तुमचं इतकं गोड गाणं, आणि बाकीचे मेले त्यात केवढा गोंगाट करतात! त्यांना कुणी बोलत कसं नाही?"

तिला जाऊन तीन हिवाळे झाले होते. घरात वाजवायचा आन्सेल्मला धीर होत नसे. पण वाड्यात, तेवीस जणांच्या त्या गोंगाटात, आपली ओळ वाजवताना ती त्याला रोज ऐकू यायची. नोकरी सुटू नये असं वाटायचं ते एवढ्यासाठी.

अशात संगीतप्रमुख म्हणून दारबोव्हसाहेब आले. इटली पाहून आलेला माणूस. त्यांनी विचारलं, "हे मधले बारा जण काय करतात?"

"भरतात, साहेब."

"आणि नाही भरलं तर?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मग हुकूम निघाला: उद्या बारा जणांनी गज नुसते हलवायचे, तारेला लावायचे नाहीत. जागा रिकाम्या ठेवून भागणार नव्हतं, कारण चोवीस गज एकदम वर, एकदम खाली गेलेले महाराजांना पाहायला आवडत. कुणाच्या लक्षात आलं नाही, तर परवापासून बाराही जणांना कायमची रजा.

"बाबा," आन्सेल्मच्या शेजारी बसणारा बार्तेलेमी त्याच्या कानात कुजबुजला, "उद्या तू पहिल्यांदाच सुरात वाजवणार बघ!"

दुसऱ्या दिवशी गज हवेत हलू लागले. दरबारी मंडळी तितराच्या तंगड्या चोखत होती. कुणाची मान वळली नाही. आन्सेल्म कान देऊन होता. पेरीन ऐकू येईना. चादर पिळायची जागा आली. तिथे तरी येईल म्हणून तो मात्राभर थांबला. ती आली नाही. आणि भानावर येऊन त्याने गज हलवला तेव्हा तेवीस गज खाली चालले होते, याचा एकटा वर.

महाराजांचा हात ताटावरच थांबला. सगळा दरबार आ वासून पाहू लागला.

जेवण आटोपल्यावर दारबोव्हसाहेब घाम पुसत आले. "आवाज गेलेला कुणाला कळला नाही. गज मात्र सगळे मोजतात. तेव्हा बाराही जण राहतील. हलवत राहा, वाजवू नका."

"नोकरी शाबूत आणि बोटांना आराम!" बार्तेलेमीने आन्सेल्मला मिठी मारली. "अरे, स्वर्ग म्हणतात तो हाच!"

आन्सेल्मने त्याच दिवशी राजीनामा दिला. त्याला वेड लागलं असं सर्वानुमते ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने घरची खिडकी उघडली, व्हायोलिन काढलं आणि तो वाजवायला लागला. खाली अंगणात शेजारची ज्याकेत धुणं धूत होती. तिने मान वर केली.

"आन्सेल्मकाका! हे पेरीनकाकूंचं गाणं ना? तुम्हाला कसं येतं?"

"तिच्याकडूनच शिकलो."

"मग नीट शिकला नाहीत. मघाशी एका जागी थांबायचं होतं."

त्याने पुन्हा पहिल्यापासून धरलं. ती जागा आली आणि त्याने गज उचलून धरला. खाली पिळलेल्या चादरीचं पाणी फरशीवर पडत राहिलं.