गुरुवारचं पाणी

धम्मपालला डोह शोधायचं वेड होतं. लोकांचे नवरे रात्री क्रिकेट बघतात. आमचा मोबाइलवरच्या नकाशात डोंगरातली नदी बोटांनी मोठी करून बघायचा. काळसर ठिपका दिसला की उडायचाच. "मिने, हे बघ, एवढा काळा रंग म्हणजे दोन पुरुष खोल पाणी." मी म्हणायचे, "घरातल्या टाकीतही कधी डोकाव. तिथे पाणी आहे का ते मलाच बघावं लागतं."

चाकणच्या एका कंपनीत तो मशीनवर होता. दिवसभर लोखंडात गोल भोकं पाडायची, हेच काम. नदीने कातळात कोरलेले रांजणखळगे बघितले की त्याला भरून यायचं. भिंतीवरून हात फिरवत म्हणायचा, "आमच्या मशीनला इतकी सफाई जमत नाही, राव." त्याचे शंभर फोटो माझ्या मोबाइलमध्ये होते. मी स्वतः एकही डोह पाहिला नव्हता.

कारण साधं होतं. चाकणच्या सगळ्या पट्ट्यातल्या कंपन्यांची सुट्टी गुरुवारची, माझ्या तळवड्याच्या ऑफिसची शनिवार-रविवारची. लग्न झाल्यापासून आमच्या सुट्ट्यांची गाठच पडली नव्हती. गुरुवारी तो कंपनीतल्या मित्रांबरोबर बाइक काढून चाकणच्या वर, धरणाखालच्या नदीवर जायचा. मी ऑफिसात बसून त्याचे ओल्या केसांचे फोटो बघत जळायचे.

धरणाखाली पोहायचं म्हणून सासूबाई कटकट करायच्या. पण त्याने एक गोष्ट हेरली होती. धरणातून नदीत पाणी सोडतात ते खाली कंपन्यांसाठी. सुट्टीच्या दिवशी ते बंद असतं, नदी जागच्या जागी थांबते, डोह आरशासारखे होतात. "सुट्टीला नदीलाही सुट्टी," असं तो सगळ्यांना सांगायचा. आणि ते खरं होतं. दरवेळी खरं निघालं होतं.

एप्रिलमध्ये कंपनीत बाहेरचे कुणी पाहुणे गुरुवारी येणार म्हणून त्या आठवड्यापुरती सुट्टी रविवारी ढकलली. बातमी सांगताना तो अक्षरशः नाचला. मीही नाचले, खोटं कशाला बोलू. शनिवारीच मी थालीपिठं करून ठेवली. रविवारी सकाळी आकुर्डीहून निघालो, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "आज पाणी नाही ना रे?" तो म्हणाला, "आई, आज सुट्टी आहे." त्यांना पटलं. मलाही पटलं.

डोह फार सुंदर होता. काठाला टेकलेला एक मोठा खडक आणि त्याच्या पायाशी हिरवं, गार पाणी. त्याने मला पाठीवर तरंगायला शिकवलं. पाठीखाली हात धरून म्हणाला, "मान सोड. मी आहे ना." मी मान सोडली. कान पाण्याखाली गेले, आणि तिथे मला दगडांवर दगड आपटल्यासारखा आवाज आला. बारीक, पण थांबत नव्हता.

मी उभी राहिले. "धम्मा, पाण्यात काहीतरी वाजतंय."

"तुझ्या कानात पाणी गेलंय," म्हणून तो हसला.

मग पाण्याचा रंग बदलला. पाचोळा आला, काटक्या आल्या. कमरेइतकं पाणी बघता बघता छातीला लागलं. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. भीती नंतर आली, आधी त्यावर नुसतं आश्चर्य होतं. त्याने मला कमरेला धरून खडकावर ढकललं. "वर चढ! वर!" माझी नखं मोडली, गुडघे फुटले, पण मी चढले. वळून हात दिला तर खाली हात धरायला कुणी नव्हतं. नुसतं तपकिरी पाणी धावत होतं.

माझं ओरडणं ऐकून वरच्या शेतातून दत्तोबा नावाचे म्हातारे गृहस्थ पळत आले. मी एकच वाक्य बोलत राहिले, "आज सुट्टी आहे, आज पाणी नसतं."

ते धापा टाकत म्हणाले, "पोरी, आज आयतवार हाय. पानी रोजच सोडत्यात. निस्तं बेस्तरवारी बंद असतंय."

तेव्हा मला कळलं. सुट्टी फक्त त्याच्या कंपनीने बदलली होती. बाकी सगळा पट्टा चालू होता आणि नदी पट्ट्याप्रमाणे चालत होती. एवढा हुशार माणूस, आणि हे त्याच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मला त्याचा राग आला. अजून येतो.

शोधायला पथक आलं. त्यांनी खालच्या पुलापर्यंत गळ टाकले, काठ तुडवले. डोहात उतरता येईना, एवढी ओढ होती. मी धरणावरच्या साहेबांना फोन लावला. पाया पडते म्हटलं, थोडा वेळ पाणी बंद करा.

"मॅडम, कंपन्यांचं पाणी आहे. मध्येच बंद करता येत नाही. गुरुवारी होईलच."

सोमवारी त्याच्या कंपनीतली पहिली शिफ्ट वेळेवर सुरू झाली. भोकं पाडताना मशीन तापतं, ते थंड ठेवायला पाणी लागतं. हे त्यानेच मला कधीतरी कौतुकाने समजावलं होतं. त्याच्या अंगावरून जाणारं पाणी तिकडे जात होतं.

मी घरी गेले नाही. रात्री दत्तोबांच्या घरी पडायचे आणि उजाडलं की त्या खडकावर येऊन बसायचे. पथक पुलाकडे शोधत होतं म्हणून मीही पुलाकडे बघायचे. कुणी हात हलवला तरी उठून उभी राहायचे. त्याला पोहता येतं, कुठेतरी काठाला लागला असेल, असंही वाटायचं.

गुरुवारी पाणी उतरलं. डोह हळूहळू हिरवा झाला, मग तळ दिसू लागला. पथकातला एक जण खडकाच्या पायाशी बुडी मारून वर आला आणि पुलाकडच्या माणसांना त्याने हाक मारली नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मला खाली उतरायला सांगितलं.

धम्मपाल कुठेच वाहून गेला नव्हता. खडकाच्या पोटात एक रांजणखळगा होता, त्यात तो अडकला होता. इतके दिवस मी त्याच्या डोक्यावर बसून लांब पुलाकडे बघत होते.