अंपायर प्रायव्हेट लिमिटेड

हिरालालने अंपायरांची कंपनी काढली आणि जानरावचं डोकं फिरलं. दोघांनी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये एकाच विभागात घाम गाळला होता आणि रिटायर झाल्यावर दर रविवारी ते एकाच सामन्यात अंपायर म्हणून उभे राहायचे. जानरावकडे त्या रविवाराशिवाय दुसरं काही उरलंच नव्हतं. बायको कमला तर तोंडावर म्हणायची, "मॅच नसती तं तुमी खाटेवरून उठलेच नसते."

गेल्या वर्षी नंदिनी नगरच्या सामन्यात दोघांनी कमी उजेडात खेळ चालू ठेवला, एका पोराच्या डोळ्याला चेंडू लागला आणि त्याच्या बापाने दोन्ही अंपायरांना कोर्टात खेचायची धमकी दिली. पुढे प्रकरण मिटलं, पण हिरालालने धसका घेतला. त्याच्या सीए जावयाने, परागने, मग त्याला पट्टी पढवली. कंपनी काढा, टॅक्स वाचेल, आणि उद्या कुणी दावा लावलाच तर तो कंपनीवर लागेल, घरदार शाबूत राहील.

जानरावने परागला एकच विचारलं, "अन् चूक माहीच असली तं?"

"स्वतःच्या निष्काळजीपणाला कंपनी आड येत नाही, काका. पण दुसऱ्यांच्या चुका तुमच्या गळ्यात पडणार नाहीत."

"मंग माह्या काय कामाची?" म्हणत जानराव जो उठला, तो त्या घरी पुन्हा गेला नाही. दोन्ही म्हाताऱ्यांचं बोलणंही बंद झालं. अक्कल दोघांकडे होती, वापरायची कुणालाच नव्हती.

कॅम्प-१ वस्तीच्या मैदानावरचा सामना कंपनीने घेतला होता. ऐन वेळी हिरालालच्या जोडीला उभा राहणारा कंपनीचा अंपायर आजारी पडला, म्हणून हिरालालने दात-ओठ खात जानरावला बोलावलं. पाण्याच्या टँकरने पिचचं एक टोक भिजवून ठेवलं होतं. जानरावने वाकून अंगठा दाबला, तर तो आत गेला.

"खेळ होत नाही," तो म्हणाला.

"कंपनीनं जबान देली हाय. ऊन हाय, सुकते."

"सुकल तवा खेळू."

सामना सुरू करायला दोन्ही अंपायरांचं एकमत लागतं, आणि जानराव जागचा हलेना. लोक शिट्ट्या मारायला लागले, मग शिव्यांवर आले. हिरालाल लालबुंद झाला.

"तू माह्या कंपनीवर जळून राहिला!"

"हो, जळून राहिलो! कंपनी एवढी भारी हाय तं घे बॅट. हेल्मेट न घालता उभा राय तिथं. हा राहुल टाकते एक बॉल."

बोलून गेल्यावर जानराव स्वतःच चपापला. पण साऱ्या मैदानाने ऐकलं होतं, आणि माघार घेईल तर तो हिरालाल कसला! त्याने जवळच्या पोराच्या हातातली बॅट हिसकावली आणि ओल्या टोकाला जाऊन उभा राहिला.

राहुल म्हणजे तिथला सगळ्यात वेगवान बॉलर. तो घाबरून म्हणाला, "दादाजी, सच में डालूँ?"

"डाल!" हिरालाल ओरडला.

राहुल धावत सुटला. समोर हिरालालचे पाय थरथर कापत होते, ते राहुलच्या टोकाला उभ्या असलेल्या जानरावला स्पष्ट दिसत होतं. महिनोन्‌महिने ज्याच्या नावाने बोटं मोडली, त्याचं फुटलेलं डोकं मात्र त्याला बघवलं नसतं. दोन्ही हात पसरून तो राहुलच्या आडवा गेला आणि किंचाळला, "डेड बॉल! डेड बॉल!"

हिरालालने बॅट भिरकावली. त्याने जानरावकडे बघितलंही नाही, सरळ माइक हातात घेतला. "मैदान गीला होने के कारण, कंपनी के निर्णय से, आज का मैच रद्द किया जाता है."

मघाशी शिव्या देणाऱ्या त्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या. जानरावच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हिरालाल त्याच्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "पुढच्या रविवारपासून येऊ नको. कंपनीचा मानूस नाही तू. बाकीच्या टीमवाल्यायलेही सांगून ठेवतो."

तो बोलल्याप्रमाणे करणार, हे जानराव ओळखून होता. रविवारही गेला, पण हिरालालसमोर रडण्यापेक्षा तो मेला असता.

"नको बलावू," तो म्हणाला. "पन एक सांग, हिऱ्या. आत्ता तिथं पाय कोनाचे कापून राहिले होते? कंपनीचे का तुहे?"