कुटुंबाचा विरोध

स्वरदाच्या पोस्टरवरचा सर्वांत देखणा आकडा एकाहत्तर टक्के हा होता. मेडिकल कॉलेजच्या दोनशे बारा विद्यार्थ्यांकडून तिनं अवयवदानावर प्रश्नावली भरून घेतली होती. ब्याण्णव टक्क्यांना अवयवदान थोर वाटत होतं. प्रतिज्ञापत्र भरलं होतं सात जणांनी. उरलेल्यांपैकी एकाहत्तर टक्क्यांनी कारण दिलं होतं, कुटुंबाचा विरोध. निष्कर्ष आपोआप तयार झाला: भावी डॉक्टर सुजाण, घरचे अडाणी, सबब घरच्यांचं प्रबोधन करावं.

तिच्या बॅचचा चिराग शवविच्छेदन आटोपून थेट समोशांवर तुटून पडणारा. "यार, मैं तो किडनी, लिवर, सब दे दूँ," तो म्हणाला होता. "पापा नहीं मानेंगे." पापांना विचारलं का, हे प्रश्नावलीत नव्हतं.

वैद्यकीय परिषदेतल्या पोस्टर-स्पर्धेला चार दिवस उरले असताना मार्गदर्शक शालिग्राम सरांनी टूम काढली. "सादर करणाऱ्याचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र पोस्टरशेजारी लावायचं. परीक्षकांवर छाप पडते. तुझं नसेल तर त्या सातांपैकी कोणाला तरी उभं करू."

आठ महिन्यांची मेहनत दुसऱ्याच्या तोंडी द्यायची? स्वरदानं प्रतिज्ञापत्राचा अर्ज आणला. त्यावर दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक जवळचा नातेवाईक. एक सही मैत्रिणीनं केली. दुसरी बाबांची हवी होती. गंगाधररावांचा जन्म रेल्वेच्या नोकरीत आणि सत्यनारायणाच्या पूजांत गेलेला. ते नाही म्हणतील, अशी तिला खात्री होती. खरं तर आशाच होती.

तेलीबांधा वस्तीतल्या घरी बाबा भेंडी चिरत बसले होते. तिनं मेंदूमृत्यूवर छोटंसं भाषण दिलं आणि शेवटी उदारपणे म्हणाली, "तुमचा विरोध असेल तर सांगा बाबा. मी समजू शकते."

"मले काय शिकवून राहिली? पेन दे." हात लुंगीला पुसून त्यांनी सही ठोकली. मग चष्मा नीट करून कागद वाचला. "सगळ्यावर खुणा केल्या. डोळे काहून सोडले?"

"राहिलं असेल."

"पोट्टे, माझ्यासंग खोटं नको बोलू."

डोळ्याचा फक्त समोरचा पारदर्शक पडदा काढतात, पापण्या मिटल्या की चेहऱ्यावर काही कळत नाही, हे तिनं अख्ख्या कॉलेजला समजावलं होतं. तेच ती बाबांना सांगू लागली आणि निम्म्यात अडली.

"भीती वाटते," ती म्हणाली.

"मग तसं लिही ना. माझं नाव काहून पुढे करतं?"

तसं लिहायला प्रश्नावलीत जागाच नव्हती. धर्म, कुटुंब, अपुरी माहिती, इतर; एवढीच कारणं. आणि प्रश्नावली तिनंच बनवली होती.

रात्रीच्या जेवणाआधी तिनं बॅचच्या ग्रुपवर विचारलं, 'कुटुंबाचा विरोध लिहिणाऱ्यांनो, घरी खरंच विचारलंत का?' निळ्या खुणा भराभर उमटल्या. उत्तर एकट्या चिरागचं आलं: "मॅडम जी, एग्ज़ाम के बाद पूछेंगे."

परिषदेच्या सकाळी पोस्टरवरच्या निष्कर्षावर पांढरी पट्टी चिकटवलेली होती. तिच्यावर स्वरदाच्या अक्षरात: 'एकाहत्तर टक्क्यांनी कुटुंबाकडे बोट दाखवलं. त्यांनी घरी विचारलं होतं का, हे आम्ही विचारलं नाही. स्वतः घाबरलात का, हेही नाही.' शेजारी तिचा अर्ज, डोळ्यांची चौकट रिकामी.

शालिग्राम सरांना घाम फुटला. "हे पोस्टर आहे की कबुलीजबाब? परीक्षक येऊन राहिले. निदान डोळ्यांवर खूण कर, दोन सेकंदांचं काम!" त्यांनी आपलं पेन पुढे केलं.

"अजून नाही, सर," स्वरदा म्हणाली आणि परीक्षकांना नमस्कार करायला वळली.