शॉमबर्गच्या राजसभेचा दंड

मी एक जुना दांडा आहे. मित्रांनो, माझी उमेदीची वर्षं बर्फ उपसायच्या फावड्यात गेली. पातं गंजून पडलं, मी उरलो. मग १९८३ साली परदेशातल्या या शॉमबर्ग गावच्या मराठी मंडळानं माझ्या डोक्यावर पितळी तांब्या बसवला आणि मी राजदंड झालो.

त्याचं असं झालं. मंडळाचे संस्थापक जगन्नाथकाका अध्यक्षपद सोडेनात. तेव्हा राज्यशास्त्र शिकणारा गुरुदत्त म्हणाला, "काका, तुम्ही कायमचे राजे व्हा. आम्ही फक्त सभा निवडतो." काका खूश. गुरुदत्तनं राजे असलेल्या देशांच्या घटना चाळून नियम केले.

नियम. टेबलावर दंड असेल तरच सभा.

नियम. बोलावल्याशिवाय राजानं सभेत पाऊल टाकू नये.

नियम. राजा सभा बरखास्त करू शकतो. पण संक्रांतीपर्यंत नवी निवडणूक घेतली नाही, तर जुनी सभा आपोआप जिवंत होते.

शेवटचा नियम वाचला तेव्हा काका शाल सारखी करत होते. मी ऐकत होतो.

दोन वर्षं मला तेल लागलं, हार पडले. गणपतीत काका दरवर्षी तीन तासांचं नाटक करत. राजा स्वतःच. सभेच्या निवडून आलेल्या प्रमुख कांचनकाकू. त्यांनी लिहिलेलं नाटक मात्र पडूनच. दिवाळीच्या सभेला त्यांनी काकांना मानानं बोलावलं आणि पुढच्या गणपतीत आपलं नाटक व्हावं म्हणून सभेचं मत मागितलं.

"सभा बरखास्त!" काका गरजले. मला उचललं. गॅरेजमध्ये तांब्या उपटला, नवं पातं ठोकलं.

पुन्हा बर्फ.

मी विसरलो नाही.

संक्रांत गेली. निवडणूक नाही. एका रविवारी काका मला ड्राइव्हवेत खोचून, दारात बूट काढून हातमोजे आणायला आत गेले. परत येतात तो काय, बर्फात पत्त्यांचं टेबल, भोवती सभासद, टेबलावर मी.

"हे काय चाललंय?"

"सभा जिवंत झाली, काका," गुरुदत्त म्हणाला. "नियमानं."

"अरे, ते माझं फावडं आहे!"

"पातं तुमचं, दांडा सभेचा," कांचनकाकू म्हणाल्या. "आणि राजांनी आत येऊ नये."

"माझ्याच ड्राइव्हवेत?"

"थांबा ना, व्होटिंग चालू आहे."

काका स्लिपर घालून दारात कुडकुडत राहिले. इतकी ऊब मला तेलानंही कधी आली नव्हती.

कांचनकाकूंचं नाटक मंजूर झालं. काकांना त्यात भालदाराचं काम दिलं, एकमतानं. वाक्य एकही नाही. मला धरून शेवटपर्यंत उभं राहायचं.

नाटकासाठी पातं काढताना माझ्या अंगाला चीर गेली होती. गणपतीत, भरल्या हॉलसमोर, तिच्यातलं कुसळ मी हळूहळू काकांच्या तळव्यात उतरवलं. त्यांना हात सोडता येईना. कांचनकाकूंसाठी टाळ्या थांबत नव्हत्या.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. तुमचा हात कुठे मऊ आहे, ते आम्हांला ठाऊक असतं.